छातीवर पदक, पायरी मात्र तीच! फ्रान्ट्झ फॅननच्या सैनिकी तारुण्यातून आपण काय घ्यायचे?

६ डिसेंबर म्हटले की आपल्यासाठी एकच अर्थ. १९५६ साली या दिवशी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बरोबर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १९६१ रोजी, अमेरिकेतल्या बेथेस्डा येथे एक कृष्णवर्णीय डॉक्टर वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्याचे नाव फ्रान्ट्झ फॅनन. तारखेचा हा योगायोग आहे, त्यात आम्ही काही गूढ शोधत नाही. पण या माणसाचे नाव आपल्या चळवळीत अधूनमधून घेतले जाते आणि बहुतेक वेळा अर्धवटच घेतले जाते. फॅनन म्हणजे हिंसेचे समर्थन करणारा क्रांतिकारक, एवढीच ओळख. ज्या 'ब्लॅक पँथर'वरून १९७२ साली आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' हे नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरचे संस्थापक फॅनन वाचत होते, एवढे आपल्याला माहीत असते.

आम्हाला मात्र आज त्या पुस्तकातल्या फॅननबद्दल बोलायचे नाही. वयाच्या सतराव्या वर्षी घरातून पळून जाऊन सैन्यात भरती होणाऱ्या पोरासंबंधी बोलायचे आहे. कारण आपल्या वस्त्यांमधली सतरा-अठरा वर्षांची पोरे आज कुणाकुणाच्या लढाईत स्वखुशीने उतरत आहेत, हा आमच्या दृष्टीने आजचा सर्वांत कळीचा प्रश्न आहे.

गुलामांचा वंशज आणि गॉलांचे पूर्वज

फॅननचा जन्म २० जुलै १९२५ चा, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरच्या फोर-द-फ्रान्स शहरातला. मार्टिनिक ही फ्रान्सची वसाहत. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी आफ्रिकेतून पकडून आणलेल्या माणसांचे हे बेट. तिथली गुलामी कायद्याने संपली ती १८४८ साली. म्हणजे फॅननच्या जन्माआधी फक्त ७७ वर्षे. वडील कस्टम खात्यात नोकरीला, आई दुकान चालवणारी. घर खाऊनपिऊन सुखी, मुले शिकणारी.

शाळेत शिकवले काय जायचे? तर आपले पूर्वज गॉल होते! म्हणजे प्राचीन फ्रान्समधली गोरी माणसे. काळ्या मुलांनी भरलेला वर्ग हे मोठ्याने घोकायचा. आपल्याकडे शंबूकाचे वारस रामराज्याचे निबंध लिहितात, एकलव्याचे वारस द्रोणाचार्य पुरस्काराला टाळ्या वाजवतात, त्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. समाजशास्त्राच्या भाषेत याला समाजीकरण म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर, मालकाच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहायला शिकवणे. मार्टिनिकचा शिकलेला माणूस स्वतःला काळा समजतच नव्हता. काळे म्हणजे तिकडे आफ्रिकेतले. आपण फ्रेंच!

१९४० साली हिटलरने फ्रान्स जिंकला आणि मार्टिनिकवर नाझींशी हातमिळवणी केलेल्या विशी सरकारचे ॲडमिरल रोबेर राज्य करू लागले. हजारो फ्रेंच खलाशी बेटावर अडकून पडले. तोवर जो वर्णद्वेष सभ्यतेच्या पडद्याआड होता तो उघडा नाचू लागला. फॅनन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याने काय निष्कर्ष काढला? की हा खरा फ्रान्स नव्हे. खरा फ्रान्स स्वातंत्र्य, समता, बंधुता मानणारा, आणि तो लंडनमध्ये जनरल द गॉल यांच्या बाजूला आहे. त्या फ्रान्ससाठी लढले पाहिजे.

१९४३ च्या सुरुवातीला, सख्ख्या भावाच्या लग्नाच्या दिवशी, हा पोरगा घर सोडून निघाला आणि बोटीने शेजारच्या ब्रिटिश डॉमिनिका बेटावर पोहोचला. त्याच्या एका शिक्षकाने मुलांना बजावले होते की गोरे गोऱ्यांना मारत आहेत, हे आपले युद्ध नाही. फॅननने उलट उत्तर दिले होते. त्याचा आशय असा की, जिथे माणसाच्या प्रतिष्ठेचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न येतो तिथे काळा, गोरा असा भेद नसतो, ते युद्ध आपलेच असते.

आम्हाला विचाराल तर त्या वादात कोण बरोबर होते? आमचे उत्तर आहे: दोघेही. नाझीवाद संपलाच पाहिजे होता. बाबासाहेबांचीही दुसऱ्या महायुद्धाबाबतची भूमिका हीच होती. पण शिक्षकाचा इशाराही खरा होता, कारण लढाई न्याय्य असली म्हणून लढवणारा न्यायी होत नाही. ही गोष्ट फॅननला पुढच्या दोन वर्षांत स्वतःच्या अंगावर समजली.

टोपीवरून ठरणारा माणूस

काही महिन्यांतच विशी राजवट कोसळली, फॅनन घरी परतला आणि अठराव्या वर्षी पुन्हा स्वेच्छेने भरती झाला. मार्च १९४४ मध्ये बेटावरच्या सुमारे हजार तरुणांसोबत त्याचे जहाज मोरोक्कोला निघाले. तिथून अल्जिरिया आणि ऑगस्ट १९४४ नंतर फ्रान्सची भूमी.

मोरोक्कोच्या छावणीत त्याला काय दिसले हे नीट वाचण्यासारखे आहे. सगळ्यांत वर गोरे फ्रेंच. त्यांच्याखाली मार्टिनिकसारख्या बेटांवरचे काळे, कारण कागदोपत्री ते फ्रेंच नागरिक, जवळजवळ 'युरोपीय'. त्यांच्या डोक्यावर युरोपीय सैनिकांसारखी बेरे टोपी. त्याखाली सेनेगल आणि बाकी पश्चिम आफ्रिकेतले तिरायर शिपाई, त्यांच्या डोक्यावर लाल शेशिया टोपी. राहण्याची, खाण्याची व्यवस्था वेगळी. आणि उत्तर आफ्रिकेतले अरब, बर्बर आणखी वेगळे. मार्टिनिकचा काळा सेनेगलच्या काळ्याला तुच्छ लेखत होता. सेनेगलचा काळा अरबाशी फटकून होता. आणि हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढायला निघालेली ही फौज होती!

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. चढत्या क्रमाने आदर, उतरत्या क्रमाने तुच्छता. अशा व्यवस्थेत निव्वळ मालक आणि निव्वळ गुलाम असे दोन तट पडत नाहीत. प्रत्येकाला पायाखाली तुडवायला कुणीतरी मिळतो, म्हणून कुणीच वरच्यावर एकजुटीने हात उगारत नाही. फ्रेंच छावणीतल्या टोप्या म्हणजे हीच उतरंड. फॅननच्या डोक्यावरची बेरे टोपी ही त्याला दिलेली लाच होती.

आम्ही म्हणतो की त्याचे खरे वयात येणे इथे सुरू झाले. बंदूक हातात आल्याने पोरगा मोठा होत नाही. मला दिलेली ही पायरी खालच्याला दाबण्यासाठी दिलेली आहे, हे ज्या दिवशी कळते त्या दिवशी तो मोठा होतो.

थंडी, पदक आणि एक पत्र

१९४४ च्या शरद ऋतूत फ्रेंच सैन्य उत्तरेकडे सरकले आणि थंडी सुरू झाली. त्याबरोबर हजारो आफ्रिकी शिपायांना आघाडीवरून काढून त्यांच्या जागी गोरे फ्रेंच भरण्यात आले. अंगावरचे गणवेशसुद्धा अनेकांना उतरवून द्यावे लागले. कारण सांगितले थंडीचे. फ्रेंच लष्करी भाषेत या प्रकाराला 'गोरे करणे' असाच शब्द होता. मुक्त झालेल्या फ्रान्समध्ये विजयाचा चेहरा गोरा दिसायला हवा होता. गंमत पाहा, उष्ण कटिबंधातल्या मार्टिनिकचे जवान मात्र 'युरोपीय' यादीत असल्यामुळे बर्फातच राहिले. थंडी चामडीला लागते की यादीला, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

नोव्हेंबर १९४४ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या दूब नदीच्या खोऱ्यात फॅनन तोफगोळ्याचे तुकडे लागून जखमी झाला. शौर्याबद्दल त्याला 'क्रुआ द गेर' हे पदक मिळाले. त्या पदकाच्या प्रशस्तिपत्रावर सही होती कर्नल राऊल सालां यांची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

एप्रिल १९४५ मध्ये या एकोणीस वर्षांच्या पदकविजेत्याने आईवडिलांना पत्र लिहिले. त्यात विजयाचा आनंद नाही. आपण एका जुनाट आदर्शासाठी घर सोडले, आपले चुकले, ज्या शेतकऱ्यांच्या रक्षणासाठी म्हणून आलो त्यांना स्वतःलाच काही पडलेले नाही, असा त्या पत्राचा सूर आहे. मुक्तीच्या जल्लोषात तुलाँ शहरातल्या गोऱ्या मुली काळ्या मुक्तिदात्यांसोबत नाचायला तयार नव्हत्या. कालपर्यंत शत्रू असलेले इटालियन युद्धकैदी त्यांना चालत होते.

हा झाला एकट्याचा अपमान. समूहाच्या वाट्याला आणखी भयंकर आले. १ डिसेंबर १९४४ रोजी सेनेगलमधल्या थियारोय छावणीत, जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेले आफ्रिकी शिपाई आपला थकलेला पगार मागत होते. फ्रेंच सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ८ मे १९४५, म्हणजे युरोपात नाझी शरण आल्याचा जल्लोष सुरू होता त्याच दिवशी, अल्जिरियातल्या सेतिफ गावी स्वातंत्र्याचा झेंडा घेऊन निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मोर्चानंतरच्या उठावात सुमारे शंभर युरोपीय मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून कित्येक आठवडे कत्तल चालली. फ्रेंच सरकारने मृतांचा आकडा हजाराच्या आसपास सांगितला, अल्जिरियाचा दावा ४५ हजारांचा आहे. फ्रान्ससाठी लढून घरी परतलेल्या अल्जिरियन शिपायांना आपले गाव जळालेले सापडले. इटलीतल्या मोंते कासिनोच्या लढाईत पदक मिळवलेला अहमद बेन बेला त्यांच्यापैकीच एका पिढीचा. पुढे तो स्वतंत्र अल्जिरियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

आणि आपण?

हे वाचताना काही वाचकांच्या मनात एक प्रश्न आला असेल. 'तुम्ही लोकही इंग्रजांच्या फौजेत होता ना? भीमा कोरेगावचा स्तंभ कशाचा?' दर १ जानेवारीला हा प्रश्न आपल्या तोंडावर फेकला जातो. म्हणून उत्तर स्वच्छ द्यायला हवे.

ज्याला गावात सावलीसकट बाटगा ठरवले, पेशवाईने ज्याच्या माणूसपणाला जागा ठेवली नाही, तो कंपनीच्या फौजेत गेला तर त्याच्या देशद्रोहाची चौकशी करण्याआधी त्याला देश दिला कुणी, याची चौकशी करा. पण आपले उत्तर इथे थांबले तर ते अपुरे आहे. कारण इंग्रजांनीही आपल्याशी तेच केले जे फ्रान्सने फॅननशी केले. रक्त वापरले आणि गरज संपली तशी दारे बंद केली. १८९० च्या दशकात 'लढवय्या जाती' नावाच्या थोतांडाखाली महारांची भरती थांबवण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ साली मोडलीही. सुभेदार रामजींच्या मुलाला हा इतिहास कुणी सांगण्याची गरज नव्हती. त्याचा जन्मच महूच्या लष्करी छावणीतला.

म्हणूनच १९३० च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजांच्या राजधानीत उभे राहून इंग्रजांनाच विचारले: तुमच्या आधी आम्हाला विहिरीवर पाणी नव्हते, आता आहे का? मंदिर बंद होते, उघडले का? पोलिसात, सैन्यात जागा नव्हती, मिळाली का? कृतज्ञतेचे एक अक्षर नाही, सरळ हिशेब. १९४१ साली युद्ध ऐरणीवर असताना महार रेजिमेंट उभी राहिली ती या हिशेबाच्या जोरावर.

इथे फॅनन आणि बाबासाहेब यांच्यातला फरक स्पष्ट होतो. सतरा वर्षांचा फॅनन एका आदर्शावर भाळून, काहीही न मागता गेला. बाबासाहेबांनी समाजाला अटी घालून पाठवले. भावनेच्या भरात दिलेले बलिदान व्यवस्था पचवते आणि ढेकरही देत नाही. अटी घालून केलेला सहभाग तिला पचवता येत नाही.

दुसऱ्यांदा स्वयंसेवक

युद्धानंतर माजी सैनिकांच्या सवलतीतून फॅनन लिआँमध्ये डॉक्टरकी शिकला. १९५२ साली त्याचे 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' आले. नोव्हेंबर १९५३ मध्ये तो अल्जिरियातल्या ब्लिदा येथील मनोरुग्णालयात रुजू झाला. तिथल्या वसाहतवादी मनोविकारशास्त्राचा सिद्धान्त होता की अरब माणूस मेंदूच्या रचनेनेच मागास आणि गुन्हेगार असतो. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आपल्या पारधी बांधवांसारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते, त्याचाच हा डॉक्टरी अवतार. वर्षभरात, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, अल्जिरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले.

फॅनन अल्जिरियन नव्हता, अरब नव्हता, मुसलमान नव्हता. पगार फ्रेंच सरकारचा. तरी त्याने मुक्ती आघाडीला साथ दिली आणि १९५६ च्या अखेरीस सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास अल्जिरियातल्या फ्रेंच फौजेचा सरसेनापती म्हणून कोण आला? राऊल सालां! ज्याने फॅननच्या शौर्यावर सही केली होती तोच आता फॅननच्या लोकांना चिरडायला उभा होता. पुढे हाच सालां १९६१ च्या लष्करी बंडात आणि ओएएस या दहशतवादी संघटनेत म्होरक्या होता. पदक देणारा हात कुणाचा आहे हे ओळखायचे असेल तर हे एक उदाहरण पुरेसे आहे.

१९५६ च्याच त्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. तोही एका व्यवस्थेला दिलेला राजीनामाच होता. ज्या घरात आपली जागा उंबऱ्याबाहेर आहे त्या घराची चौकीदारी सोडणे, एवढा दोन्हींत समान धागा आहे.

मात्र एका मुद्द्यावर आम्ही फॅननसोबत नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. 'द रेचेड ऑफ द अर्थ'मध्ये त्याने वसाहतीतल्या माणसाच्या हिंसेला मुक्तीची शक्ती मानले. आम्ही बुद्धाच्या मार्गाने जाणारे लोक आहोत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी रक्तरंजित मार्ग सोडण्यास सांगितले ते घाबरून नव्हे. घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना त्या मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही, हा त्यांचा तर्क होता. अल्जिरियातल्या माणसाला तसा मार्ग कुणी ठेवला होता का, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला पाहिजे, पण आपल्याकडे तो आहे.

आणि फॅननला हिंसेचा भाट म्हणणाऱ्यांनी त्याच पुस्तकातले मनोविकारांचे प्रकरण वाचावे. त्यात कैद्यांचा छळ करता करता घरी बायकोमुलांचाही छळ करू लागलेला युरोपीय पोलीस अधिकारी आहे. आपल्या युरोपीय सवंगड्याला मारून टाकणारी तेरा-चौदा वर्षांची दोन अल्जिरियन मुले आहेत. फॅनन डॉक्टर होता. छळणारा आणि छळला गेलेला, दोघेही त्याच्या दवाखान्यात आले. हिंसा करणाऱ्याचेही मन कसे मोडते याचा पुरावा त्याने स्वतःच लिहून ठेवला. वेराने वेर शमत नाही हे आपण बुद्धवंदनेनंतर ऐकतो. फॅननच्या रुग्णांच्या नोंदींत त्याची दवाखान्यातली साक्ष आहे.

मैदानावर धावणाऱ्या पोरांसाठी

आता आपल्या दारात या. आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेने सैन्य आणि पोलीस भरतीसाठी धावणारी पोरे-पोरी कुठल्याही तालुक्याच्या गावात दिसतील. त्यांच्या कष्टाला आमचा सलाम आहे. वर्दीने घरात चूल पेटते आणि गावात मान मिळतो, हे आम्ही नाकारत नाही. पण २०२२ पासूनच्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आणि नंतर फक्त २५ टक्के जणांना कायम ठेवण्याची तरतूद आहे. साडेसतराव्या वर्षी आत, साडेएकविसाव्या वर्षी बाहेर. उरलेल्या ७५ टक्क्यांचे काय, हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे. तो गोलमेज परिषदेतला प्रश्न आहे.

त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. नोकरीच्या आमिषाने रशियात नेलेल्या भारतीय तरुणांना युक्रेनच्या युद्धात आघाडीवर ढकलल्याचे २०२४ साली उघड झाले, काहींचे जीव गेले, दलालांवर सीबीआयने गुन्हे नोंदवले. भुकेल्या पोराला परक्या युद्धात उतरवणे आजही इतके सोपे आहे. आणि परके युद्ध काही फक्त परदेशात नसते. मिरवणुकीत पुढे कोण? शेजारच्या मोहल्ल्यासमोर घोषणा द्यायला कोणाला पुढे करतात? डोक्याला कपडा बांधला, हातात झेंडा दिला, दोन दिवस 'आपला वाघ' म्हणून पाठ थोपटली, की आपला पोरगा स्वतःला त्या मोठ्या घराचा वारस समजू लागतो. तो कपडा म्हणजे फॅननची बेरे टोपी आहे! दंगलीनंतर एफआयआरमध्ये नाव आपल्या पोराचे, तारखेला कोर्टात त्याची आई, आणि ज्यांनी त्याला पुढे केले त्यांची मुले पुण्याला नाहीतर परदेशात शिकायला. मुसलमानाच्या विरोधात तो हिंदू असतो, लग्नाचा किंवा स्मशानाचा प्रश्न आला की पुन्हा त्याची जात आठवते.

म्हणून कोणत्याही लढाईत उतरण्याआधी आपल्या पोरांनी तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हाला वाटते. पहिला: ही लढाई जिंकली तर माझी पायरी बदलणार आहे का? दुसरा: मला ज्याच्याविरुद्ध उभे केले आहे तो माझ्या वरचा आहे की माझ्याच शेजारचा, माझ्याइतकाच नागवलेला? तिसरा: जो मला पाठवतो आहे त्याचा स्वतःचा मुलगा कुठे आहे? या तिन्ही प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळत असतील तर खुशाल जावे, छाती काढून जावे. नसतील तर पाठ फिरवणे हा पळपुटेपणा नाही.

हे प्रश्न विचारायला शिकवण्याची जबाबदारी मात्र त्या पोरांची नाही, आपली आहे. जयंतीच्या वर्गणीतला किती भाग वाचनालयावर जातो आणि किती डीजेवर, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने मांडावा. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या गटात आठवड्यातून एक तास संविधानाचा आणि आपल्या सैनिकी इतिहासाचा असावा. सुभेदार रामजींच्या काळापासून १९४१ पर्यंतचा, शौर्याचा आणि फसवणुकीचाही. विहारातला रविवारचा वर्ग फक्त लहान मुलांपुरता न ठेवता सोळा ते वीस वयाच्या मुलांना तिथे आणले पाहिजे, कारण कुणीतरी त्यांना कुठेतरी नेणारच आहे.

फॅननला हे शहाणपण येण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, जखम झेलावी लागली. त्याच्या देहाला शेवटी अल्जिरियाच्याच मातीत जागा मिळाली आणि सात महिन्यांनी, जुलै १९६२ मध्ये, तो देश स्वतंत्र झाला. आपल्या पोरांना एवढी किंमत मोजावी लागू नये. त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ते त्यांच्या हातात देणे एवढेच आपले काम आहे, आणि ते झेंडा देणाऱ्याच्या आधी झाले पाहिजे.

जय भीम!